छेदातली माणसं

संख्याशास्त्राचे वर्ग घेता घेता काही तक्ते मनात घर करून बसतात. माझ्या मनातला असा एक तक्ता आइसलँडचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एलियास एथोर्सन, मार्टिन इंगी सिगुर्दसन, रुनोल्फुर पाल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. रेक्याविकमधल्या लांडस्पीताली या विद्यापीठ रुग्णालयातली ही मंडळी. विषय साधा होता: कोरोना झालेल्या माणसांना काय काय झालं. माणसांची संख्या १,५६४.

दीड हजार हा काही मोठा आकडा नाही. त्या वर्षी वुहानमधून, उत्तर इटलीतून, न्यूयॉर्कमधून यापेक्षा कितीतरी मोठ्या आकड्यांचे निबंध येत होते. पण त्यातली बहुतेक माणसं हॉस्पिटलच्या दारातून आत आलेली होती. दारापर्यंत पोचतो तो आधीच जास्त आजारी असतो. जो घरीच पडून बरा होतो त्याची कहाणी त्या निबंधांमध्ये येतच नाही. आइसलँडच्या १,५६४ मध्ये व्हेंटिलेटरवरचा माणूस आहे, आणि चार दिवस अंग दुखलं, खोकला झाला, मग बरं वाटलं आणि हॉस्पिटलची पायरी चढायची वेळच आली नाही असाही माणूस आहे. पहिल्या लाटेत १७ मार्च ते ३० एप्रिलदरम्यान ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली, त्यातलं जवळजवळ कुणीच सुटलेलं नाही. एका अख्ख्या देशाचे रुग्ण एका तक्त्यात, घरी राहिलेल्यांसकट. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटायला बराच वेळ लागला.

देश मुळात लहान. २०२० साली आइसलँडची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६४ हजार होती. आपल्या लातूर शहराची २०११ च्या जनगणनेतली संख्या याहून थोडी जास्तच भरते. मात्र ही माणसं सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटरच्या बेटावर पसरलेली आहेत, आणि त्यातली बरीचशी राजधानीच्या आसपास. गुंतागुंतीचे उपचार होतील असं मोठं रुग्णालय एकच, लांडस्पीताली. उत्तरेला आकुरेरीत दुसरं, त्यापेक्षा लहान. प्रत्येक नागरिकाला एक दहा आकडी ओळख क्रमांक असतो आणि दवाखान्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे तोच चालतो. त्यामुळे चाचणी कुठे झाली, औषध कुठून घेतलं, दाखल कधी झाला, हे धागे एकमेकांना जोडता येतात. संशोधनासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण केवळ सोयीवर असा तक्ता उभा राहत नाही, असं मला ठामपणे वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

तिथला पहिला रुग्ण २८ फेब्रुवारी २०२० रोजी सापडला. उत्तर इटलीत स्कीइंग करून परतलेला माणूस. मग ऑस्ट्रियातल्या इश्गल या स्कीइंगच्या गावाहून आलेली माणसं पॉझिटिव्ह येऊ लागली. आइसलँडने ५ मार्चलाच इश्गल धोकादायक ठरवलं. तेव्हा बाकीचं युरोप तिथे सुट्टी घालवत होतं. रोज दुपारी तीन माणसं टीव्हीवर येऊन बोलायची: साथरोगतज्ज्ञ थोरोल्फुर ग्युद्नासन, आरोग्य संचालक आल्मा म्योलर आणि पोलीस दलातले विदिर रेनिसन. मंत्री मागे, हे तिघे पुढे. संपर्क शोधायच्या पथकात पोलीस आणि परिचारिका एकत्र बसले. लहान मुलांच्या शाळा त्यांनी पूर्ण बंद केल्या नाहीत. जमावावर १६ मार्चपासून शंभर माणसांची आणि २४ मार्चपासून वीस माणसांची मर्यादा आली.

याच सुमारास डीकोड जेनेटिक्स ही कंपनी पुढे आली. कारी स्टेफान्सन या मज्जाविकारतज्ज्ञाने १९९६ मध्ये ती काढली. आइसलँडच्या लोकांची जनुकं आणि त्यांच्या वंशावळी एकत्र ठेवून रोगांची मुळं शोधायची, हा तिचा धंदा. २०१२ पासून ती अमेरिकेतल्या अ‍ॅम्जेन कंपनीच्या मालकीची. १३ मार्चपासून डीकोडने लक्षणं नसलेल्या लोकांनाही चाचणीसाठी बोलावलं. सरकारी चाचण्या आजारी, परदेशातून आलेल्या किंवा रुग्णाच्या संपर्कातल्या माणसांच्या होत्या. डीकोडच्या चाचण्या कुणाच्याही. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत देशातल्या सुमारे सहा टक्के माणसांच्या नाकात काडी घालून झाली होती. सरकारी चाचण्यांमध्ये ९,१९९ पैकी १,२२१ पॉझिटिव्ह आले, म्हणजे १३.३ टक्के. डीकोडकडे स्वतःहून आलेल्या १०,७९७ जणांमध्ये ८७, आणि यादीतून कसंही निवडून बोलावलेल्या २,२८३ जणांमध्ये १३. डीकोडने तपासलेल्या दहा वर्षांखालच्या ८४८ मुलांपैकी एकही पॉझिटिव्ह आलं नाही. या आकड्यांचा निबंध १४ एप्रिललाच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला आणि जगभर गाजला.

गाजला तो चाचण्यांचा निबंध. मला मात्र त्यापेक्षा फोनची गोष्ट मोठी वाटते.

चाचणी पॉझिटिव्ह आली की लांडस्पीतालीच्या कोविड बाह्यरुग्ण विभागातून त्या माणसाला फोन जायचा. परिचारिका किंवा डॉक्टर बोलायचे. फोन करणाऱ्यासमोर ठरलेला तक्ता असायचा: ताप, खोकला, दम लागणं, अंगदुखी, डोकेदुखी, चव, वास, जुलाब, मळमळ. आधीचे आजार, चालू औषधं, घरात आणखी कोण आहे. त्यावरून आजार किती आणि बिघडायचा धोका किती हे ठरवायचं, आणि पुढचा फोन कधी करायचा तेही. कुणाला रोज, कुणाला एक-दोन दिवसांआड. प्रकृती बिघडतेय असं वाटलं तर त्याच विभागात तपासायला बोलवायचं, आणि गरज पडली तरच दाखल करायचं. निदान होऊन चौदा दिवस झाले आणि त्यातले शेवटचे सात दिवस लक्षणांशिवाय गेले, की त्या माणसाला मोकळं केल्याचा शेवटचा फोन.

शोधनिबंधातली माहिती आली ती याच फोनमधून. कुणी संशोधक प्रश्नावली घेऊन वेगळा गेला नव्हता. नंतर जुन्या केसपेपरांमधून खोदूनही काही काढावं लागलं नाही. विचारपूस करतानाच नोंद होत गेली आणि नोंदीतून संशोधन उभं राहिलं. संशोधन म्हटलं की आपल्याकडे प्रयोगशाळा, पांढरे कोट, निधी, परदेशी सहकार्य डोळ्यासमोर येतं. इथे त्याच्या मुळाशी "आज कसं वाटतंय?" हा प्रश्न आहे. तो न चुकता, सगळ्यांना, सारख्याच शब्दांत विचारलेला.

हे मला इतकं लागतं, कारण तो प्रश्न मीही विचारला आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजातल्या काही जणांना शहराच्या वॉर रूममध्ये गृह विलगीकरणातल्या रुग्णांना फोन करायची ड्यूटी लागली. एका सभागृहात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर यादी, पेन आणि फोन. यादीत नाव, वय, पत्ता, नंबर. विचारायचं इतकंच: ताप आहे का, ऑक्सिजन किती, औषधं मिळाली का. उत्तरासमोर टिक करायची आणि पुढचा नंबर फिरवायचा.

पहिल्याच दिवशी कळलं, की "बरं आहे" हे उत्तर माणसं विचार न करता देतात. कुणी भिडेपोटी देतं. कुणाला भीती, की खरं सांगितलं तर अँब्युलन्स दारात येईल, कोविड सेंटरला नेतील, गल्लीत बोभाटा होईल. मग मी प्रश्न वळवून विचारायला शिकले. "काका, आज जेवलात का? काय जेवलात?" "दोन घास खाल्ले" म्हटलं की तिथून धागा पकडायचा. एक आजी सांगत होत्या, "हिंगाची फोडणी दिली, पोरांना शिंका आल्या, मला कशाचाच पत्ता नाही बघ." हे त्यांना लक्षण वाटलंच नव्हतं, सर्दीने नाक चोंदलंय इतकंच. आमच्या कागदावर वासाचा रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

एका गृहस्थांशी मी बोलत होते. आवाज खणखणीत, वाक्यं पूर्ण, ताप नाही. ऑक्सिजन विचारला तर म्हणाले, पंच्याण्णव. म्हटलं, सहा मिनिटं घरातल्या घरात चालून पुन्हा बोट लावा, मी थांबते. ते चालले. परत फोनवर आले तेव्हा बोलणं तुटक झालं होतं, आकडा ऐंशीच्या घरात. सभागृहातल्या डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या कुटुंबाला खाटेसाठी कुठे जायचं ते सांगितलं. तो फोन मी केला नसता, किंवा फक्त तापाचं विचारून ठेवला असता, तर काय झालं असतं हा विचार आजही येतो.

संध्याकाळी आमच्याकडून फक्त बेरजा वर जायच्या: किती फोन लागले, किती लागले नाहीत, किती हलवले. समासातलं समासातच राहिलं. बाराव्या दिवशी कुणाला कसं होतं, किती जणांना पाचव्या दिवसानंतर दम लागायला सुरुवात झाली, वास गेलेले किती, हे सगळं त्या रजिस्टरांमध्ये होतं, आमच्याच हस्ताक्षरात. त्या सभागृहात रोज शेकडो माणसांची विचारपूस होत होती आणि त्यातून एकही तक्ता निघाला नाही. थकलेल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही. ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली असताना रकाने आखायला कुणाला वेळ होता? पण रकाने आधी आखून ठेवायचे असतात, आणि आइसलँडने नेमकं तेच केलं होतं.

त्या रकान्यांमधून काय दिसलं ते बघा. निदानाच्या वेळी सर्वांत जास्त आढळलेली लक्षणं तीन: अंगदुखी ५५ टक्के, डोकेदुखी ५१ टक्के, कोरडा खोकला ४९ टक्के. ताप या तिघांमध्ये नाही. आपल्याकडे त्या काळात सोसायटीच्या फाटकापासून भाजी मंडईपर्यंत सगळीकडे कपाळावर थर्मल गन रोखली जायची. आकडा हिरवा आला की आत. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा केलेली संशयित रुग्णाची व्याख्या आइसलँडच्या या माणसांना लावून पाहिली, तर ३४९ जण तिच्यात बसतच नव्हते. म्हणजे २२ टक्के. व्याख्येवर विसंबून चाचणी केली असती तर पाचातला एक रुग्ण सुटला असता, आणि आजूबाजूला हिंडत राहिला असता.

लक्षणं नसलेल्यांची गोष्टही फोनमुळेच उलगडली. डीकोडच्या चाचण्यांत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ४३ टक्के माणसांना त्या दिवशी काहीच त्रास नव्हता. हा आकडा जगभर फिरला. पण चाचणी म्हणजे एका दिवसाचा फोटो असतो. पुढे काय झालं, ते पाठपुरावा केल्याशिवाय कळत नाही. लांडस्पीतालीच्या १,५६४ जणांमध्ये निदानाच्या वेळी लक्षणं नसलेले ८३ होते; त्यातले शेवटपर्यंत लक्षणं न आलेले ४९. उरलेल्या ३४ जणांना नंतर काही ना काही झालंच. हे दोन गट वेगळे आहेत, त्यांचे टक्के शेजारी मांडून तुलना करू नये. पण आज लक्षण नाही आणि लक्षण कधीच आलं नाही, यातला फरक त्या ३४ जणांनी दाखवून दिला.

आता भागाकाराकडे येते. ३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितलं, की जगात नोंदलेल्या कोरोना रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के दगावले आहेत. त्या एका आकड्याने जगाच्या काळजाचा ठोका चुकला. अंश म्हणजे मृत्यू. छेद म्हणजे नोंदलेले रुग्ण. मृत्यू लपत नाहीत असं धरून चालू, जरी ते सगळीकडे खरं नाही. छेद मात्र लपतो. ज्यांची चाचणीच झाली नाही ते छेदात येत नाहीत, आणि छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो. पाचवीतल्या मुलाला कळेल असं गणित, पण त्या वसंतात जगातल्या मोठमोठ्या माणसांना छेद मिळत नव्हता.

आइसलँडची पहिली लाट ओसरली तेव्हा चाचणीत सापडलेले रुग्ण १,७९७ होते आणि मृत्यू १०. भागाकार केला तर अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वांत जास्त चाचण्या करणाऱ्या देशांपैकी हा एक. तिथे तरी छेद पूर्ण असेल असं कुणालाही वाटेल. पण डीकोड आणि लांडस्पीताली तिथे थांबले नाहीत. त्यांनी ३०,५७६ माणसांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) शोधली. सप्टेंबर २०२० मध्ये छापून आलेल्या निबंधातलं उत्तर असं: देशातल्या ०.९ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला आहे. त्यातले ५६ टक्केच चाचणीत सापडले होते. १४ टक्के विलगीकरणात होते पण त्यांची चाचणी झाली नव्हती, आणि ३० टक्के कुणाच्याच नजरेत आले नव्हते. ३ लाख ६४ हजारांचे ०.९ टक्के म्हणजे सुमारे तीन हजार तीनशे. दहा भागिले तीन हजार तीनशे, ०.३ टक्के. छेद सापडत गेला तसा तोच रोग कागदावर ३.४ वरून ०.३ वर आला. यातला सगळाच फरक छेदाचा नाही. वय, उपचार, रुग्णालयात खाट मिळणं, हे सगळं त्यात आहे. सत्तरीपुढच्यांचा धोका तरुणांच्या अनेक पटींनी जास्त होता, हे त्याच निबंधात स्पष्ट आहे. पण मोठा वाटा छेदाचा आहे यात मला शंका नाही.

याच निबंधाने आणखी एक गोष्ट सांगितली. बरे झालेल्या १,२१५ जणांपैकी ९१.१ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं होती, आणि चार महिन्यांत त्यांचं प्रमाण घसरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात प्रतिकारशक्ती महिन्या-दोन महिन्यांत विरून जाते अशा बातम्या येत होत्या. लस तयार करणाऱ्यांना या निकालाने किती हुरूप आला असेल!

त्याच दिवसांत आपल्या पुण्यातही रक्त तपासलं जात होतं. आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महापालिका यांनी इतर संस्थांबरोबर जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांत १,६६४ माणसांची पाहणी केली. ५१.५ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता. तिकडे शंभरात एकालाही नाही, इकडे दोघांत एकाला. पुण्याचं काम उत्तमच होतं, आणि ते इतक्या लवकर झालं याचा मला अभिमान वाटतो. पण त्या निम्म्या लोकांमधल्या प्रत्येकाला काय झालं, कोण घरी बरा झाला, कोण अंथरुणाला खिळला, हे रक्त सांगू शकत नाही. ते सांगायला माणसाशी बोलावं लागतं.

लहान देशाचा एक अडसरही आहे. दहा मृत्यू ही सुदैवाची गोष्ट, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती अडचणीची. त्या ०.३ टक्क्याच्या भोवतीची खात्रीची मर्यादा ०.२ ते ०.६ अशी आहे. म्हणजे खरा आकडा दुप्पट असू शकतो. एखादा वृद्धाश्रम, एखादं गाव, एखादा वॉर्ड सगळं चित्र पालटू शकतो, आणि तसं झालंही. ऑक्टोबर २०२० मध्ये लांडाकोटमध्ये संसर्ग शिरला. ही लांडस्पीतालीचीच वृद्धांसाठीची इमारत. १९०२ साली कॅथलिक जोगिणींनी तिथे रुग्णालय सुरू केलं होतं. म्हातारी माणसं तिथे हाड मोडल्यावर, पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकण्यासाठी येतात. तिथून संसर्ग रेक्यालुंदुर या पुनर्वसन केंद्रात आणि एराबाक्कीच्या वृद्धाश्रमात गेला. नोव्हेंबरमध्ये रुग्णालयाचाच चौकशी अहवाल आला. त्यात इमारतीचं जुनेपण, अपुरी हवा, सामायिक शौचालयं आणि मनुष्यबळाची ओढाताण यांच्यावर बोट ठेवलं होतं. २०२० संपलं तेव्हा देशातले कोरोना मृत्यू २९ होते. पहिल्या लाटेतले १० वगळले तर उरलेल्यांतले बहुतेक या एका इमारतीशी जोडलेले होते.

स्वतःच्या रुग्णालयातली उणीव त्यांनी स्वतः लिहून जाहीर केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरोघरी फोन करून जपलेल्या देशात म्हातारी माणसं रुग्णालयातच आजारी पडली आणि गेली. तिथल्या डॉक्टरांच्या मनावर याचं किती ओझं असेल! पण नोंद ठेवायची ती सगळ्याची. चांगल्या निकालाची ठेवायची आणि या इमारतीची नाही, असं चालत नाही.

दुसरा अडसर नाजूक आहे. इतक्या लहान देशात माणूस तक्त्यात लपत नाही. एखाद्या दूरच्या गावातली ऐंशी वर्षांची बाई, अमुक आठवड्यात दाखल, इतकं लिहिलं तरी शेजाऱ्यांना कळतं ती कोण. या प्रश्नावर आइसलँडमध्ये आधीही मोठं वादळ झालं आहे. १९९८ मध्ये तिथल्या संसदेने सगळ्या देशाच्या आरोग्य नोंदींचं एकच भांडार करायचा कायदा केला. एका मुलीने वारलेल्या वडिलांच्या नोंदी त्यात घालायला नकार दिला, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कोरोनाच्या काळातही तोच धागा पुन्हा निघाला. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला रुग्णांचं रक्त घेतलं गेलं तेव्हा संशोधनाची नैतिक परवानगी अजून मिळालेली नव्हती, असा ठपका तिथल्या खासगी माहितीच्या संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये डीकोड आणि रुग्णालयावर ठेवला. कारी स्टेफान्सन चिडले. साथीत माणसांचं रक्त तपासणं हे उपचाराचंच काम होतं, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण न्यायालयात गेलं.

मी या वादात बराच काळ दोन्हीकडे झुलत राहिले. फोनवर आजींनी हिंगाचं सांगितलं ते मी संशोधक आहे म्हणून सांगितलं नव्हतं. कुणीतरी चौकशी करतंय म्हणून सांगितलं. ते मी छापलं तर? उपचार आणि संशोधन एका हाताने होत असेल तर त्या हाताने परवानगीचं पानही आधी पुढे करायला हवं, असं आता माझं मत झालं आहे. घाई असली तरी. आइसलँडमध्ये लोक स्वतःहून रांगेत आले, कारण विचारलं जाईल याची त्यांना खात्री होती. ती खात्री एकदा गेली की पुढच्या साथीत फोन उचलायला कुणी तयार होणार नाही.

आजार ओसरल्यावरही तिथल्या संशोधकांनी माणसांना सोडलं नाही. आइसलँड विद्यापीठातल्या इंगिब्योर्ग माग्नुस्दोत्तिर, उन्नुर वाल्दिमार्सदोत्तिर आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्क, एस्टोनिया, नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटन यांच्याशी हात मिळवून २,४७,२४९ लोकांच्या मानसिक आरोग्याचा माग काढला. त्यातल्या ९,९७९ जणांना कोरोना झाला होता. २०२२ च्या मार्चमध्ये हा निकाल आला. सात दिवस किंवा त्याहून जास्त अंथरुणाला खिळलेल्या लोकांमध्ये नैराश्य आणि चिंता सोळा महिन्यांपर्यंत जास्त राहिली. जे अंथरुणाला खिळले नाहीत त्यांच्यात तसं दिसलं नाही. हॉस्पिटलात न गेलेली, पण आठवडाभर उठू न शकलेली ही माणसं आपल्याकडे किती असतील! "कोरोना होऊन गेला, घरीच होते, आता ठणठणीत" असं ती सगळ्यांना सांगतात. माझ्या ओळखीत अशी एक शिक्षिका आहे. तिला अजून वर्गात उभं राहून सलग तास घेता येत नाही, आणि कुठल्याच तक्त्यात ती नाही.

आइसलँडची गोष्ट विजयगाथा म्हणून सांगू नये. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांनी सगळे निर्बंध उठवले. ओमायक्रॉनने देश व्यापला, आणि पहिल्या दोन वर्षांत मिळून जेवढी माणसं गेली नव्हती त्याहून जास्त त्या वर्षी गेली. तोवर प्रत्येकाला फोन करणं शक्यही नव्हतं.

कुणाला हा लेख दाखवला की एक उत्तर हमखास येतं: त्यांचा देश केवढासा, आपलं तसं कुठे होतं! मला ते पटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने हेच केलं आहे, ओळख क्रमांकाशिवाय, वीज आणि रस्ते धड नसलेल्या गावांत. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जन्मलेलं प्रत्येक बाळ त्यांनी घरी जाऊन पाहिलं, वजन केलं, श्वास मोजले, आणि दगावलेलं प्रत्येक बाळ नोंदलं. लॅन्सेटमध्ये १९९९ साली तो निबंध आला. ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. तिथेही नोंद आणि सेवा एकाच बाईच्या हातात होती, आणि तिथेही छेद पूर्ण होता, कारण दवाखान्यात न आलेलं बाळ वगळलं नव्हतं.

येत्या सत्रात मी वर्गात हा भागाकार मांडणार आहे. आधी १०, मग १,७९७, मग तीन हजार तीनशे. नंतर मुलांना विचारणार, की आपल्या तालुक्यासाठी छेद काढायचा तर कुणाकुणाकडे जायचं. आशाताईंची वही, प्राथमिक आरोग्य केंद्राचं रजिस्टर, ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद, खासगी डॉक्टरांचे केसपेपर, मेडिकलवाल्याकडची औषधांची विक्री. ही माझी यादी झाली. मुलं आपापल्या गावची भर घालतील. आणि ज्यांच्या वहीतून माहिती घ्यायची त्या माणसांची परवानगी कशी मागायची, हा त्या तासाचा दुसरा अर्धा भाग.